मुलांचे कपाट आणि व्यापाऱ्याचा हिशेब

दुकानाच्या मांडणीवर सहा महिने न हललेला माल दिसला की व्यापाऱ्याचा जीव कासावीस होतो. त्यात भांडवल अडकलेले असते, जागा अडलेली असते आणि दिवसागणिक त्याची किंमत उतरत असते. त्याच व्यापाऱ्याच्या घरी मात्र मुलांच्या कपाटात एकदाच अंगाला लागलेली शेरवानी, घडी न मोडलेले फ्रॉक आणि बारशाला आलेल्या झबल्यांचा गठ्ठा वर्षानुवर्षे पडून राहतो. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

हा हिशेब मांडायचा तर आरंभ मुलाच्या वाढीपासून करावा लागतो. निरोगी बाळाचे जन्मवेळचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाअखेर सुमारे तिप्पट होते. पहिल्या वर्षी उंची साधारण २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी सुमारे १२ सेंटिमीटर वाढते. पुढे शाळकरी वयात ती वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटरवर स्थिरावते. म्हणजे तान्ह्या बाळाचे माप वर्षात तीन-चार वेळा बदलते आणि झबले विरण्याआधीच तोकडे होते. वापरलेले कपडे घेण्यात सर्वाधिक लाभ आहे तो या पहिल्या दोन वर्षांत. पुढे मूल खेळू लागले की कपडे गुडघ्यावर व कोपरावर झिजतात. तेव्हा हंगामअखेरची सवलतीची खरेदी अधिक उपयोगी पडते.

यात नवे असे काही नाही. आजीच्या मऊ सुती लुगड्याची दुपटी शिवणे, थोरल्याचा सदरा धाकट्याला घालणे ही मराठी घरांची जुनी रीत. वारंवार धुतलेल्या कापडाची खळ गेलेली असते, म्हणून ते बाळाच्या कातडीला सुखावते, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना पक्के ठाऊक होते. उरलेसुरले कपडे दारावर येणाऱ्या बोहारणीला देऊन त्या बदल्यात पातेले घेतले जाई. एकत्र कुटुंबे विभागली, जुन्या नाशकातील वाड्यांमधून माणसे गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सदनिकांत राहावयास गेली आणि चुलतभावंडांमधून फिरणारी कपड्यांची साखळी तुटली.

त्याहून मोठी अडचण संकोचाची आहे. दिराच्या मुलाचा सदरा आनंदाने घेणाऱ्या सुनेला शेजारणीकडून तोच सदरा घेताना मान खाली घालावीशी वाटते. ‘एवढे दुकान असून मुलाला दुसऱ्याचे उतरलेले कपडे?’ हा न विचारलेला प्रश्न तिच्या कानात घुमत असतो. आणि ज्या घराला खरोखरच हात आखडून चालावे लागते, ते घर तर याच भीतीपोटी उसनवारी करून नवे कपडे घेते.

हा संकोच कसा दूर होतो, याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे आहे. १ जून १९४१ पासून तेथे कपड्यांवर नियंत्रण आले आणि पैसे असूनही हवे तितके कपडे मिळेनासे झाले. तेव्हा स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेने मुलांच्या कपड्यांची विनिमय केंद्रे चालविली. आईने लहान झालेले कपडे आणून द्यावेत आणि त्या बदल्यात मोठ्या मापाचे न्यावेत, अशी पद्धत होती. प्रत्येकजण काही देऊनच नेत असल्यामुळे तेथे कोणी दाता नव्हता आणि कोणी याचकही नव्हता.

असा विनिमय महिला मंडळांना वर्षातून दोनदा सहज भरविता येईल: शाळा सुरू होण्यापूर्वी जूनमध्ये आणि दिवाळीच्या आधी. मापांनुसार टेबले मांडावीत, कपडे धुऊन इस्त्री करून आणावेत, देणाऱ्याचे नाव कोठेही नसावे. शाळेचा गणवेश तर यासाठी सर्वांत सोयीचा. तो सर्वांचा सारखाच असतो, त्यामुळे कोणाचा कोणाकडे गेला हे मुलांनाही कळत नाही. घेताना मात्र शिवण, इलास्टिक आणि सैल बटणे पाहावीत. गळ्याशी नाडी असेल तर ती काढून टाकावी. फाटका वा डागाळलेला कपडा विनिमयात आणू नये. जे आपल्या मुलाला घालवणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला देणे हा त्याचा अवमान होय.

सवलतीच्या खरेदीचे मर्म व्यापारी घराला निराळे सांगावयास नको. लग्नसराई सरून आषाढ लागला की मेन रोड, शालिमार परिसरात सवलतीच्या पाट्या दिसू लागतात, कारण दुकानदाराला दिवाळीच्या मालासाठी जागा आणि पैसा मोकळा करावयाचा असतो. नाशिकची थंडी बोचरी. तरी स्वेटर डिसेंबरऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पुढील वर्षाच्या मापाचे घ्यावेत. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून रंग सुटतो का, तेही पाहावे. मात्र घरातून निघण्यापूर्वी गरजेची यादी हाती असावी. हजाराचा कपडा गरज नसताना पाचशेला घेतला, तर पाचशे वाचत नाहीत. पाचशे खर्च होतात.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा मोठा व्यापारी होता. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, एवढे त्याचे वैभव. परिमाण व्रत घेताना त्याने वस्त्रांची मर्यादा बांधली ती अवघ्या एका जोडीची. ही मर्यादा दारिद्र्यातून आलेली नव्हती, म्हणून तिच्यात संकोचही नव्हता. सधन घराने आपल्या मुलाला वापरलेला सदरा उघडपणे घातला, तर शेजारच्या ओढगस्तीच्या घराची मान आपोआप ताठ होते. विनिमयाचा आरंभ सधनांनी करावा तो याचसाठी.

दिवाळीला मुलांना एक नवा पोशाख अवश्य असावा. त्या आनंदाला मोल नाही. पण वहीपूजनापूर्वी दुकानातील मालाची मोजदाद होते, त्याच दिवसांत मुलांचे कपाटही एकदा रिकामे करून मोजावे. तेथे पडून असलेल्या मालाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. त्या मापाचे मूल बहुधा पुढच्याच गल्लीत असते.