खरेदीभावाची वाट पाहणारे

तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर कोसळले की तोट्यात अडकलेला माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘माझा भाव येऊ दे, मग विकतो.’ याला तो संयम म्हणतो, पण तोटा फुगतो तो बऱ्याचदा याच हट्टापायी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कमाईच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचा सल अधिक असतो. म्हणूनच नुकसान मान्य करणं आपण पुढे ढकलतो. वित्तशास्त्राचे अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतली १०,००० दलाली खाती तपासली, तेव्हा लोक नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले धरून बसतात असं दिसलं. विशेष म्हणजे विकलेल्या शेअरांनी पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्यांपेक्षा बरी कामगिरी केली.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे बाजार शेवटी वर येतोच. येतो, पण कधी आणि कोणाला घेऊन? मार्च २००० मध्ये ५०४८ वर पोचलेला अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक ऑक्टोबर २००२ मध्ये १११४ पर्यंत घसरला. ही ७८ टक्के घसरण भरून काढायला निर्देशांक साडेचार पट व्हावा लागतो, आणि त्याला २०१५ उजाडलं. तोवर निर्देशांकातल्या बऱ्याच कंपन्या बदलल्या होत्या. बुडालेल्या गळल्या, नव्या आल्या. त्यामुळे निर्देशांक सावरला म्हणजे आपला शेअर सावरला असं होत नाही. दलाल स्ट्रीटवर तेव्हाचा बडा शेअर दलाल केतन पारेख याच्या लाडक्या डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन, पेंटामीडिया यांचे त्या वेळचे भाव परत आलेच नाहीत.

मग ॲमेझॉनचं काय? तो शेअरही नव्वद टक्क्यांहून अधिक पडला होता आणि धरून बसलेल्यांचं सोनं झालं. हा आक्षेप वजनदार आहे. पण ॲमेझॉन तगली ती भागधारकांच्या धीरामुळे नव्हे. बाजार कोसळण्याच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारी २००० मध्ये, तिने युरोपात रोखे विकून पैसा उभा केला होता. पाळीव प्राण्यांचं सामान विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने त्याच फेब्रुवारीत शेअर बाजारात आणले आणि नोव्हेंबरात गाशा गुंडाळला. तिच्यात ॲमेझॉनचेही पैसे होते! तेव्हा विचारायचं ते एवढंच : कंपनीकडे रोकड किती, कर्ज किती, आणि हातात पैसे असते तर हा शेअर आजच्या भावाला मी घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर ॲव्हरेज करत राहणं, म्हणजे पडत्या भावाला तोच शेअर आणखी घेत राहणं, हे त्याच चुकीत आणखी पैसे घालणं आहे. हिंजवडीत ज्याचा पगार आणि कंपनीचे शेअर दोन्ही आयटीतच आहेत, त्याने तर हे अधिक कठोरपणे विचारावं.

‘विकला नाही तोवर तोटा कागदावरचाच’ हे हिशेबाच्या दृष्टीने खोटं आहे, पण प्राप्तिकरापुरतं खरं. विकल्यावरच तो वजावटीला येतो. अल्पकालीन भांडवली तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वळता होतो, दीर्घकालीन मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. त्यासाठी त्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं लागतं.