अर्धवर्तुळात मावणारे विश्व

विश्वाच्या प्रसरणाला वेग येत आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून उघड झाले. त्यामागच्या अज्ञात घटकाला ‘डार्क एनर्जी’ म्हणतात. आइन्स्टाइनचा वैश्विक स्थिरांक हे तिचे सर्वांत साधे रूप. काळानुसार बदलणारे अदिश क्षेत्र हे दुसरे. या दुसऱ्या रूपाची मांडणी सुपरनोव्हांच्याही दहा वर्षे आधीची आहे. १९८८ मध्ये भारत रात्रा व जेम्स पीबल्स यांनी, आणि स्वतंत्रपणे ख्रिस्तोफ वेटरिख यांनी ती केली होती.

अदिश क्षेत्र अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला, तापमानासारखी, दिशा नसलेली एकच संख्या जोडते. क्षेत्र बदलते त्या वेगातून गतिज ऊर्जा येते, त्याच्या मूल्यावर स्थितिज ऊर्जा ठरते. स्थितिज पुरेशी वरचढ झाली की दाब ऋण होतो आणि प्रसरण वेग घेते. पण ही समीकरणे अरेषीय असतात, क्वचितच नेमकी सुटतात. शिवाय क्षेत्राची सुरुवातीची स्थिती कोणालाच ठाऊक नाही. म्हणून एकेक उत्तर शोधण्याऐवजी सगळी उत्तरे शेवटी कुठे जातात, एवढेच विचारायचे. गणितज्ञ प्वांकारेच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती इथे फार कामी येते.

कोपलँड, लिडल आणि वाँड्स यांनी १९९८ च्या शोधनिबंधात घातांकी स्थितिज ऊर्जेसाठी दोनच चल वापरले. पहिल्याचा वर्ग म्हणजे एकूण ऊर्जेतला गतिज वाटा, दुसऱ्याचा वर्ग म्हणजे स्थितिज वाटा, उरलेले द्रव्य. या दोन वर्गांची बेरीज एकाच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रसरण पावणाऱ्या सपाट विश्वाचा सारा इतिहास एका अर्धवर्तुळात मावतो. घड्याळाऐवजी विश्वाच्या आकाराचा लॉगरिदम काळ मोजतो.

चल जिथे बदलायचे थांबतात, ते स्थिर बिंदू. केंद्रावर निव्वळ द्रव्याचे विश्व असते. तो घाटातल्या खिंडीसारखा आहे: एका दिशेने वाटा तिथे येतात, दुसऱ्या दिशेने निसटतात. दीर्घिका घडायला लागणारा द्रव्ययुगाचा मोठा कालखंड या खिंडीजवळच्या रेंगाळण्यातून मिळतो. पुढे काय, ते घातांकाचा उतार लॅम्डा ठरवतो. त्याचा वर्ग २ पेक्षा कमी असेल, तर विश्व क्षेत्राच्या ताब्यात जाते आणि प्रसरण कायम वेग घेत राहते. २ ते ३ दरम्यान क्षेत्र जिंकते, पण वेग येत नाही. ३ च्या पुढे क्षेत्र द्रव्याच्या बरोबरीने विरळ होत जाते आणि त्याचा वाटा ३ भागिले लॅम्डाचा वर्ग इतका टिकतो.

हा शेवटचा पर्याय मोठा मोहक होता. आज सुमारे ७० टक्के डार्क एनर्जी आणि ३० टक्के द्रव्य असे तुल्य प्रमाण का, याचे उत्तर त्यात दडलेले वाटे. पण नेमक्या त्याच बिंदूवर प्रसरण मंदावते! म्हणून बदलत्या उताराची क्षेत्रे आली. झ्लाटेव्ह, वांग आणि स्टाइनहार्ट यांनी १९९९ मध्ये दाखवले, की व्यस्त घाताच्या स्थितिज ऊर्जेत वेगवेगळ्या सुरुवातींतून निघालेल्या वाटा एकाच मार्गावर येतात. इथे लॅम्डा तिसरा चल होतो आणि हळूहळू शून्याकडे सरकतो.

आजचे विश्व मात्र कोणत्याच स्थिर बिंदूवर नाही. ते खिंड सोडून वाटेत आहे. त्यामुळे क्षेत्र खरे असेल, तर दाब व घनतेचे गुणोत्तर बदलताना दिसायला हवे. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी सर्वेक्षणाच्या २०२४ आणि २०२५ च्या निष्कर्षांत तसे संकेत आहेत, शोध म्हणण्याइतके पक्के नाहीत. शिवाय त्यांना उत्तम जुळणारा या गुणोत्तराचा आलेख भूतकाळात उणे एकच्या खाली जातो, आणि साध्या अदिश क्षेत्राला तिथे मज्जाव आहे. तिथे पोहोचणाऱ्या ‘फँटम’ क्षेत्राची गतिज ऊर्जा ऋण धरावी लागते. मग वर्तुळाच्या जागी अपास्त येतो आणि उत्तरांना बांधून ठेवणारी कड उरत नाही.