यादीत नसलेलं रसायन

बडोद्याला बेंझीन नवं नाही. शहराजवळच्या कोयलीच्या गुजरात रिफायनरीत ते साठवलेलं असतं. 11 नोव्हेंबर 2024 ला तिथल्या बेंझीनच्या टाकीचा स्फोट झाला, दोघांचा जीव गेला. रक्ताचा कर्करोग ओढवू शकणारं हे रसायन कारखान्याच्या कुंपणाआत राहतं, अशी आपली समजूत. 2021 मध्ये ते सापडलं अंगाला लावायच्या सनस्क्रीनमध्ये.

शोध लागला अमेरिकेत, न्यू हेवनच्या व्हॅलिश्युअर या खासगी प्रयोगशाळेत. त्याच वर्षी मार्चमध्ये तिने हँड सॅनिटायझरमधलं बेंझीन उघडकीला आणलं होतं. मग मोर्चा सनस्क्रीनकडे वळला. नमुना बंद कुपीत तापवायचा, वर जमलेली वाफ यंत्रात सोडायची. यंत्र वाफेतली रसायनं सुटी करतं आणि रेणूचं वस्तुमान सांगतं. बेंझीनचं 78. योगायोग असा, की तपासलेल्या 69 कंपन्यांच्या 294 बॅचपैकी बेंझीन निघालं तेही 78 बॅचमध्येच! नाइलाजच असेल तर औषधात 2 पीपीएमपर्यंत ते चालवून घेतात. 14 बॅच त्याच्याही वर होत्या. सर्वाधिक आकडा 6.26.

पण हे घातलं कुणी? वेष्टणावरच्या यादीत तर नाव नव्हतं. धागा बॅचमध्येच होता. एकाच उत्पादनाची एक बॅच दूषित, दुसरी स्वच्छ. कृतीतच खोट असती, तर सगळ्याच बॅच सापडल्या असत्या. म्हणजे बेंझीन कच्च्या मालाबरोबर आत शिरत होतं. संशय गेला स्प्रे बाहेर ढकलणाऱ्या आयसोब्युटेनसारख्या पेट्रोलियमजन्य वायूंवर. मात्र काही जेल आणि लोशनमध्येही ते निघालं, त्यामुळे सगळं खापर वायूवर फोडता येईना. दाटपणासाठी वापरतात त्या कार्बोमरचे काही प्रकार बनवतानाही बेंझीन लागतं.

मे महिन्यात निष्कर्ष जाहीर झाले. 14 जुलैला जॉन्सन अँड जॉन्सनने न्यूट्रोजीना आणि अव्हीनोचे स्प्रे परत मागवले. ग्राहक कोर्टात गेले. अनेक दाव्यांचा मुद्दा आजाराचा नव्हताच. आत काय आहे हे कळलं असतं तर आम्ही पैसेच मोजले नसते, असं त्यांचं म्हणणं होतं.

बडोद्याच्या ग्राहकालाही वाट आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. चाचणीशिवाय दोष कळणार नसेल, तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे धाडतो; खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. एकाच कारणाने फसलेले अनेक ग्राहक एकत्रही येऊ शकतात. बिल आणि बॅच क्रमांक तेवढे जपून ठेवावेत.

अडचण वेगळीच आहे. तक्रार करायला आधी संशय यावा लागतो, आणि यादीत नसलेल्या रसायनाचा संशय ग्राहकाला कुठून येणार? म्हणून दुकानातली बाटली कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता उघडून तपासणारं कुणीतरी हवं. अमेरिकेत दावे उभे राहिले ते त्या तपासणीवर.