इशारा द्या, उत्तर नको : शब्दकोडं आणि घरातल्या थोरांची आठवण

आमच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर रोजचा पेपर येतो. पहिलं पान कुणी वाचो न वाचो, आतल्या पानावरच्या शब्दकोड्याला दोन-तीन म्हातारी माणसं ठरलेली. त्यातले एक आबा, पेन्सिल कायम कानावर. गेल्या पावसाळ्यात एकदा पाहिलं, तर कोडं त्यांची नात भरत होती आणि आबा नुसती मान हलवत होते. ती म्हणाली, "ताई, त्यांना आता आठवत नाही. ताण नको म्हणून मीच सांगून टाकते." पोरीची माया खरी. पण मी तिला दोन गोष्टी विचारल्या : हे कधीपासून चाललंय? आणि थोडा इशारा दिला तर आबांना आठवतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, कारण इशारा देऊन कुणी बघितलंच नव्हतं.

ज्यांनी कोडं कधी सोडवलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरही एकाच चौकोनात बसतं. म्हणजे 'किल्लारी' तीन घरांत : कि, ल्ला, री. 'बुद्ध' दोन घरांत. आडवे शब्द आणि उभे शब्द एकमेकांना छेद देतात, म्हणून एक बरोबर आला की दुसऱ्याचं एक अक्षर फुकट मिळतं. कोड्यातली सगळ्यात मोठी मदत हीच. पहिल्या शब्दापाशी अडून बसू नका. येतात ते आधी भरा, छोटे शब्द आधी धरा, आणि पेन्सिलनेच लिहा. खूण अनेकवचनी असेल तर उत्तरही बहुधा अनेकवचनीच असतं. दुपारपर्यंत नाही आलं तर ठेवून द्या. संध्याकाळी भाकरी थापताना उत्तर आपोआप आठवतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. बाकीचं उत्तर उद्याच्या अंकात येतंच.

दुसऱ्याला विचारलं म्हणजे लबाडी केली, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. पेपरातली कोडी पुष्कळदा पुराणातली नावं आणि जड संस्कृत शब्द विचारतात. ते आपल्या घरात कधी बोललेच गेले नाहीत, तर यायचे कुठून? ते न येणं म्हणजे विसरणं नव्हे, त्याची लाज नको. शेजारच्या मास्तरांना विचारा. मोबाईलवर महाराष्ट्र शब्दकोश आणि मराठी विश्वकोश फुकट बघता येतात. उलट 'पेरणीचे अवजार, तीन अक्षरे' अशी खूण आली की शहरातली शिकलेली पोरं गप्प, आणि कधी शाळेत न गेलेली आजी चुलीपाशी बसून 'तिफण' सांगते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना खूण मोठ्यानं वाचून दाखवा, घरं किती ते सांगा. डोकं तितकंच चालतं.

आता मुद्द्याची गोष्ट. म्हाताऱ्या माणसाला मदत करायची ती पायरी-पायरीनं. समजा, खूण आहे : 'बाबासाहेबांचे पहिले पाक्षिक, पाच अक्षरे'. ऐकून आधी गप्प बसा. मनातल्या मनात वीस मोजा. म्हातारपणी मेंदू हळू चालतो, बंद पडत नाही. नाही आलं तर अर्थाचा इशारा द्या : 1920 साली निघालं, बहिष्कृत भारतच्या आधी. तरी नाही आलं तर पहिलं अक्षर, 'मू'. तरीही नाही, तर दोन शब्द पुढे ठेवा : 'मूकनायक' की 'जनता'? घरं मोजली की जनता बसत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळू द्या. पेन्सिल त्यांच्याच हातात ठेवा. आणि "एवढंही येत नाही का" हे वाक्य तोंडातून काढू नका, नातवंडांसमोर तर मुळीच नाही. असं दोनदा ऐकलेला माणूस तिसऱ्या दिवशी ओट्यावर येत नाही.

हा इशारा नुसत्या खेळापुरता नाही. वयानं जे विसरणं येतं, त्यात शब्द डोक्यात असतो, ओठावर येत नाही. पहिलं अक्षर मिळालं की झटकन बाहेर पडतो. स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरमध्ये, नवी गोष्ट डोक्यात नीट साठतच नाही, म्हणून इशारा देऊनही पुष्कळदा हाती काही लागत नाही. डॉक्टर स्मरणशक्ती तपासतात तेव्हा काही चाचण्यांत हेच बघतात : काही शब्द सांगतात, थोड्या वेळानं विचारतात, मग इशारा देऊन पुन्हा विचारतात. घरी कोडं सोडवून आजार ठरवता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पण रोज शेजारी बसणाऱ्याला बदल आधी दिसतो.

आपल्या किल्लारीत एक फसगत हमखास होते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमची म्हातारी माणसं क्षणाक्षणानं सांगतात. कुणाला कुठल्या भिंतीखालून काढलं, पाऊस कसा होता, सगळं. मग घरचे म्हणतात, "आठवण तर पक्की आहे, आजार कसला?" पण जुनी आठवण बराच काळ टिकते. आधी जाते ती नवी. सकाळची गोळी घेतली का, काल कोण आलं होतं, हे विचारून बघा. तोच प्रश्न तासात चारदा येणं, नेहमीच्या रस्त्यावर घर न सापडणं, पैशाचा हिशेब अचानक चुकू लागणं, ही माझ्या मते कोड्यापेक्षा मोठी लक्षणं. आणि ज्यांनी त्या रात्री घरची माणसं गमावली, त्यांच्यातल्या काहींचं विसरणं हे दुःखाचं असतं. उदासीतही लक्ष लागत नाही, शब्द सापडत नाही. त्यावर उपचार आहेत. टेलिमानसच्या 14416 या सरकारी नंबरावर फुकट बोलता येतं.

कोडं सोडवल्यानं आजार टळतो का, हे मला बायका नेहमी विचारतात. अमेरिकेत 2022 साली एक अभ्यास छापून आला. आठवण थोडी कमी झालेले 107 जण, 78 आठवडे. काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना मेंदूचे खेळ. कोडी सोडवणाऱ्यांची आठवण थोडी बरी राहिली. पण माणसं थोडी होती, आणि काहीच न करणारा गट त्यात नव्हता. तेव्हा कोडं म्हणजे औषध असं मी कुणाला सांगणार नाही. स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या लॅन्सेट आयोगानं 2024 मध्ये बदलता येतील अशी 14 कारणं मांडली. त्यात बीपी, शुगर, तंबाखूचा धूर, दारू, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा आहे, आणि लहानपणी शिक्षण न मिळणंही आहे. ते शेवटचं वाचून मी जरा वेळ थांबले होते. आपल्या आजी-आजोबांना शाळा का मिळाली नाही, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणारा माणूस रोज दहा कोडी सोडवो, लकव्याचा धोका तसाच राहतो. एक वेगळी गोष्ट याच ठिकाणी सांगते. काल कोडं भरणाऱ्या माणसाला आज अचानक अक्षर लिहिता येईना, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर ते म्हातारपण नव्हे, तो झटका आहे. तेल चोळत, उतारा करत बसू नका. 108 ला फोन लावा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा.

आबांचं सांगायचं राहिलं. चष्म्याचा नंबर बदलला होता आणि बीपीची गोळी चार महिने बंद होती. नवा चष्मा आला, गोळी सुरू झाली, नात इशारे द्यायला शिकली. पुष्कळसे शब्द इशाऱ्यावर येतात, काही येत नाहीत, म्हणून तपासणी अजून चालू आहे.

तुमच्याही घरी शंका असेल तर आधी ग्रामीण रुग्णालयात बीपी, शुगर, डोळे आणि कान बघून घ्या. बी-12 आणि थायरॉइडची तपासणीही डॉक्टरांना विचारा, कारण यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि ते विसरणं औषधानं सुधारू शकतं. जाताना चालू गोळ्यांची पिशवी न्या. रोज शेजारी बसणारं माणूस सोबत असू द्या, मग ती नात का असेना. आणि महिन्याभराची भरलेली कोडी असतील तर तीही न्या. अक्षर कधीपासून बदललं, कुठली घरं रिकामी राहू लागली, हे त्यावर तारखेनिशी दिसतं.