सातपुड्याची पानझड आणि कीटकांचे अभ्यासक

उष्णकटिबंधीय वन म्हटले की वर्षभर हिरवे राहणारे पर्जन्यवन डोळ्यांपुढे येते. परंतु जळगाव जिल्ह्यातील यावल आणि धुळे जिल्ह्यातील अनेर धरण या अभयारण्यांचे वनही उष्णकटिबंधीयच असून त्याचा प्रकार शुष्क पानझडी, म्हणजे साग, सालई, अंजन यांसारखे वृक्ष कोरड्या ऋतूत पाने गाळून टाकतात असा आहे. कोस्टा रिकातील अशाच वनात आयुष्य वेचलेले अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९८८ मध्ये, उष्ण प्रदेशातील प्रमुख परिसंस्थांपैकी सर्वाधिक संकटात आहे ती हीच, असे मत मांडले होते. तरीही आपल्याकडील संशोधकांचा ओढा सह्याद्रीच्या सदाहरित वनांकडेच अधिक राहिला, आणि खानदेशात तर कापसावरील बोंडअळीने कीटकशास्त्राचा जणू सारा ताबाच घेतला.

परिस्थितिकी म्हणजे सजीवांच्या परस्परांशी आणि भोवतालाशी असलेल्या संबंधांचे शास्त्र. पानझडी वनात या संबंधांचा सूत्रधार पाऊस असतो. कोवळे पान हे अळीचे अन्न. ते पहिल्या सरींनंतर थोडेच दिवस मऊ आणि पोषक राहते, पुढे जून होऊन चिवट बनते, आणि उन्हाळ्यात नाहीसेच होते. म्हणून अनेक कीटक प्रतिकूल महिने सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून अंडी, अळी किंवा कोष या रूपात काढतात, तर काही दूरवर उडून जातात. पाऊस लांबला किंवा अवेळी पडला, तर पालवी आणि अळी यांची वेळ चुकते का, आणि चुकली तर अळ्यांवर पिल्ले वाढवणाऱ्या पक्ष्यांचे काय होते, हे प्रश्न यावलच्या वनात बसून विचारण्याजोगे आहेत.

सागाचे उदाहरण विशेष बोलके आहे. सागावर दोन पतंगांच्या अळ्या प्रसिद्ध आहेत: एक कोवळी पाने संपूर्ण फस्त करते, दुसरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात शिरांमधला हिरवा भाग खाऊन पानाची जाळी करून ठेवते. केरळ वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर व सहकाऱ्यांनी निलांबूरच्या तरुण सागलागवडीत अळीपासून वाचवलेली आणि न वाचवलेली झाडे ताडून पाहिली, तेव्हा पहिल्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत सुमारे ४४ टक्के घट होत असल्याचे त्यांच्या १९८५ च्या अहवालात नोंदले गेले; जाळी करणाऱ्या अळीचा मात्र वाढीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. भरपूर पावसाच्या निलांबूरचा हा निष्कर्ष कोरड्या सातपुड्याला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल, कारण येथे सागाला वाढीचे महिनेच मोजके मिळतात आणि पाने उशिरा गमावल्याची किंमत वेगळी असू शकते. एखाद्या पीएच.डी.ला एवढा एक प्रश्न पुरेसा आहे.

त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. पांढरा पडदा आणि दिवा, जमिनीत काठोकाठ पुरलेले पेले, आणि स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रने मालेझ यांच्या नावाने ओळखला जाणारा तंबूसारखा जाळीचा सापळा, एवढ्यावर मोठे काम उभे राहते. खरी अडचण जाती ओळखण्याची असते. त्यावर जॅन्झन यांनी काढलेला मार्ग असा, की गावातील लोकांनाच कीटक गोळा करण्याचे, अळ्या वाढवण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे प्रशिक्षण देऊन त्यांना पगारी सहकारी केले. सातपुड्यातील पावरा आणि तडवी तरुणांना मजूर न मानता असेच सहकारी मानणे इष्ट होईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पीएच.डी. करता येते, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, तर त्याच शहरातील ‘अट्री’ संस्थेत कीटकांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. सीएसआयआरची जीवशास्त्रातील ‘नेट’ परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. अभयारण्यात काम करण्यासाठी मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी लागते, आणि पालवीचा काळ अल्प असल्याने जूनच्या पहिल्या पावसाआधी ती हाती हवी असेल, तर इच्छुकांनी मार्गदर्शक ठरवून अर्ज हिवाळ्यातच करावा.