पगार पुण्याचा, घर इंदिरा नगरला

पुण्याच्या आयटी कंपनीतला माणूस आईवडिलांसाठी किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे लखनौच्या इंदिरा नगरला राहायला गेला, तर कायमचं घरून काम साहेबांच्या गळी उतरवायचं कसं?

घरगुती अडचणीला सहानुभूती मिळते, परवानगी क्वचितच. त्यापेक्षा आकडे मांडावेत. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात घरून काम करणाऱ्या तपासनिसांना कुठूनही काम करायची मुभा मिळाली, तेव्हा त्यांचं काम ४.४ टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासात आढळलं. शांघायच्या सीट्रिप कंपनीत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली. बढतीत मात्र ते मागे पडले. साहेबांना सांगितलं नाही तरी अर्जदाराने हे स्वतः ध्यानात ठेवलेलं बरं!

आधी तीन महिने करून बघू, काम अमुक मापाने मोजा, असा प्रस्ताव नाकारणं कोणालाही जड जातं.

भारतात खासगी नोकरदाराला घरून काम करण्याचा सरसकट कायदेशीर हक्क नाही. टीसीएसनेही ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेकांना पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. म्हणून तोंडी होकारावर विसंबू नये. कामाचं ठिकाण बदलल्याचं पत्र एचआरकडून घ्यावं आणि व्यवसाय कराचंही तेव्हाच विचारावं: महाराष्ट्रात तो पगारातून कापला जातो, उत्तर प्रदेशात तो कर नाही.