जखमेवरचा डिंक

हावेरी जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात सात वर्षांच्या मुलाच्या गालावरची जखम टाके घालण्याऐवजी फेविक्विकने चिकटवली, व्हिडिओ फिरला, परिचारिका निलंबित झाली. 2025च्या सुरुवातीची ही बातमी एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. कारवाई योग्यच होती. पण त्या निमित्ताने घरोघरी जो सूर लागला, ‘डिंकाने कुठे जखमा चिकटवतात का?’, तो साफ चुकीचा आहे. चिकटवतात, आणि चांगल्या शस्त्रक्रियागृहांत चिकटवतात.

गोंधळ होतो तो दुकानातला आणि वैद्यकीय, हे दोन्ही डिंक एकाच घराण्यातले असल्यामुळे. सायनोअ‍ॅक्रिलेट हे ते घराणं. 1942 मध्ये ईस्टमन कोडॅकमधले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ दिसेल त्याला चिकटायला लागला म्हणून त्यांनी तो वैतागून बाजूला ठेवला. बाजारात तो आला 1958 मध्ये. पुढे व्हिएतनाम युद्धात सैनिकांचा रक्तस्राव थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. दुकानातल्या डिंकात या रेणूची शेपटी आखूड असते. तो ओलाव्याने झटकन घट्ट होतो, तापतो, आणि शरीरात लवकर विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड सोडतो. उघड्या जखमेला ते सोसत नाही. वैद्यकीय डिंकात शेपटी लांब असते, ब्यूटिल किंवा ऑक्टिल. तो सावकाश मोडतो, कमी जाळतो आणि निर्जंतुक कुपीत येतो. ऑक्टिलच्या डिंकाला अमेरिकेत 1998 मध्ये परवानगी मिळाली. त्वचेवर तो पाच ते दहा दिवस राहतो आणि मग आपोआप सुटतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आपल्याकडे कापलं की हात आधी कापसाकडे जातो. झटपट डिंक कापसाला लागला की दोघांची अभिक्रिया इतकी जोरात होते की त्या उष्णतेने कातडी भाजते. सुती कपड्यावर तो सांडून मांडी भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तेव्हा घरी फेविक्विक नकोच, आणि वर कापूस तर मुळीच नको.

माझं खरं प्रेम मात्र या घराण्यावर नाही, त्याहून जुन्या एका द्रवावर आहे. कापूस नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लात मुरवला की त्याचं नायट्रोसेल्युलोज होतं. ते ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलं की काकवीसारखा दाट द्रव मिळतो, तो कोलोडियन. तो त्वचेवर ओढला की ईथर उडून जातं आणि मागे पातळ पापुद्रा उरतो. 1848 मध्ये बॉस्टनच्या जॉन पार्कर मेनार्ड यांनी जखमेवर झाकण म्हणून त्याची शिफारस केली. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी हाच द्रव काचेवर पसरून छायाचित्रं काढली. सिनेमाची सुरुवातीची रिळंही नायट्रोसेल्युलोजचीच. पुण्यात 2003 मध्ये फिल्म आर्काइव्हच्या अशा रिळांच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट गेले. जखमेवर लावून पापुद्रा धरवायचा असा द्रव आज ‘लिक्विड बँडेज’ म्हणून मिळतो, त्याच्या बाटलीवर ‘ज्वालाग्राही’ असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. गॅसजवळ उभं राहून बोटाला लावू नका.

नुसता कोलोडियन वाळला की आकसतो, ताणतो. म्हणून त्यात एरंडेल आणि कापूर घालून तो लवचिक करतात. एवढं वाचून हे काहीतरी परदेशी, अपरिचित वाटलं असेल तर घरातली कुरुपाच्या औषधाची बाटली बघा. त्यातला पांढरा पापुद्रा धरणारा द्रव बहुधा कोलोडियनच असतो, फक्त त्यात कातडी विरघळवणारं सॅलिसिलिक आम्ल मिसळलेलं असतं. म्हणूनच ते औषध भेगेत घालू नका, मागाहून फार पस्तावाल. आपल्या कंपाउंडरकाकांचं टिंक्चर बेंझॉइनही याच विचाराचं: राळ अल्कोहोलमध्ये, वर कापसाचा बोळा, झोंबलं की ओरडायचं. बोळा मात्र जखमेला असा घट्ट चिकटतो की काढताना जखम पुन्हा उघडते. लिक्विड बँडेज तेवढं तरी वाचवतं.

मग हे वापरायचं कुठे? सुरीने बोटाला पडलेली उथळ चीर, कागदाने कापलेलं, नखाजवळ निघालेली साल, आणि थंडीत अंगठ्याच्या टोकाला पडणारी ती बारीक, दिवसभर सलणारी भेग. तळहात आणि तळपायांना तैलग्रंथी नसतात आणि वरचा थर जाड असतो. तो कोरडा पडला की लवचिकपणा जातो आणि वाकवल्या जागी तडकतो. चीर खाली मज्जातंतूंपर्यंत पोहोचली की साबणाचा थेंबही झोंबतो. साधी पट्टी बोटाच्या टोकावर भांडी घासताना टिकत नाही. पापुद्रा टिकतो, पाणी आत जाऊ देत नाही, आणि भेगेतला ओलावाही धरून ठेवतो.

लावताना एकच चूक सर्रास होते: आधी मलम आणि वर बँडेज. मलमावर पापुद्रा धरतच नाही. साबणपाण्याने धुवायचं, दाबून रक्त थांबवायचं, पूर्ण कोरडं करायचं, कडा जुळवून धरायच्या, मग पातळ थर, तो वाळला की दुसरा. पहिल्या थराला झोंबतं, ते द्रावकामुळे. लहान मुलाला ‘अजिबात नाही दुखणार’ असं सांगू नका. दुसऱ्यांदा तो हात पुढे करणार नाही.

टाचांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे कातडीच्या कडा इतक्या निबर असतात की पापुद्रा एका पावलात फाटतो. पाय भिजवून वजरीने कडा हलकेच उतरवल्याशिवाय पैसे वाया. आणि इथे मी कोकणाच्या बाजूने उभा आहे. कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, घरातल्या तापमानाला घट्ट असतं. वितळवून भेगेत सोडलं की आत गोठून बसतं. स्वस्त आहे, झोंबत नाही. रात्री मुठेल आणि मोजे, सकाळी पाय साबणाने धुऊन, पुसून, फार दुखणाऱ्या चिरेपुरतं लिक्विड बँडेज, असं जमतं. तेलाचा अंश राहिला तर मात्र ते सुटून येणार.

कुत्र्याने चावलेलं, गंजक्या पत्र्याने खोल कापलेलं, मातीने भरलेलं, पू झालेलं किंवा डोळ्याजवळचं काहीही असं बंद करायचं नाही. चाव्याची जखम तर पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुऊन उघडीच ठेवून दवाखाना गाठायचा. मधुमेह्यांच्या पायांवरची भेगसुद्धा याच यादीत. त्यांच्या पायाची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, आत पू होत असला तरी कळत नाही, आणि वरून चकचकीत पापुद्रा असला की घरच्यांनाही दिसत नाही. त्या पायांना बाटली लावण्याआधी डॉक्टरांनी पाहिलेलं असायला हवं.